तीन दिवसांची शिदोरी

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणे हा आपल्या गावाकडच्या घरांत एक लहानसा सोहळाच असतो. जुन्या टोपलीत भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर दहा-बारा अंडी मांडायची, तिन्हीसांजा झाल्या की कोंबडी अलगद उचलून त्यावर ठेवायची आणि पुढचे एकवीस दिवस घरातल्या मुलांना त्या कोपऱ्याकडे फिरकू द्यायचे नाही. विसाव्या दिवशी घरातली आजी एखादे अंडे कानाशी धरते, आतली चोच कवचावर टकटक करताना ऐकते आणि काही न बोलता ते जागच्या जागी ठेवते. तिच्या चेहऱ्यावरूनच घराला कळते की, उद्या अंगणात पाहुणे येणार.

हा प्रकार ज्यांनी बारकाईने पाहिला असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. सगळी पिल्ले एकाच घटकेला बाहेर पडत नाहीत. एखादे सकाळी येते, दुसरे रात्री, तिसरे दुसऱ्या दिवशी दुपारी. शेवटचे पिल्लू कवच फोडीपर्यंत कोंबडी काही जागची हलत नाही. म्हणजे सर्वांत आधी जन्मलेल्या पिल्लाला एक-दोन दिवस दाणापाण्यावाचून आईच्या पंखाखाली थांबावे लागते. मग ते जगते कसे?

निसर्गाने त्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. अंड्यातला पिवळा बलक पिल्लाच्या वाढीसाठी वापरला जातो. परंतु तो सारा संपत नाही. कवच फोडण्याच्या थोडे आधी उरलेला बलक पिल्लाच्या बेंबीवाटे त्याच्या पोटात ओढला जातो. जन्मलेल्या पिल्लाजवळ अशी सुमारे तीन दिवस पुरेल इतकी शिदोरी असते. मागून येणाऱ्या भावंडांची वाट पाहता यावी, एवढाच तिचा मूळ हेतू.

या शिदोरीवर एका दूरच्या देशात एक अख्खा व्यापार उभा राहिला. टपालाच्या थैल्यांबरोबर, आगगाडीच्या डब्यातून आणि पुढे विमानातूनही, एक दिवसाची पिल्ले शेकडो कोस प्रवास करू लागली. अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या प्रथेची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय कोंबडीच्या पिल्लाएवढा लहान वाटेल. परंतु त्यातून निघणारा प्रश्न तितका लहान नाही.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची विद्या मात्र अमेरिकेची नव्हे. ती फार जुनी, आणि ती इजिप्तची. कच्च्या विटांच्या बुटक्या भट्ट्या, त्यांत शेणाचा मंद विस्तव आणि हजारोंच्या संख्येने मांडलेली अंडी, असे तेथील उबवणीघर असे. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील काही कुटुंबांनी ही विद्या पिढ्यानुपिढ्या जपली. उष्णता मोजायला त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. कारागीर अंडे उचलून आपल्या पापणीला लावी. पापणीची कातडी नाजूक, तिला थोडाही फरक समजतो. अंडी किती वेळा फिरवायची, विस्तव कधी आवरायचा, हे सारे त्या स्पर्शावर ठरे. चौदाव्या शतकात पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेला एक आयरिश फ्रान्सिस्कन धर्मबंधू, सायमन सेमिओनिस, इजिप्तमधून जाताना ही भट्टी पाहून थक्क झाला आणि कोंबडीशिवाय केवळ अग्नीच्या ऊबेने असंख्य पिल्ले जन्मतात, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने हीच विद्या युरोपात आणण्यासाठी बरेच प्रयोग केले आणि १७४९ साली त्यावर ग्रंथही लिहिला.

अमेरिकेत या विद्येने यंत्राचे रूप घेतले. कॅलिफोर्नियातील पेटालुमा या गावी लायमन बाइस या गृहस्थाने १८७९च्या सुमारास चांगले चालणारे उबवणी यंत्र तयार केले. लाकडी पेटी, तेलाचा दिवा आणि उष्णता आपोआप कमी-जास्त करणारी कळ, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. १८९८ साली ख्रिस्तोफर निसन याने त्याच परिसरात दुसऱ्यांना विकण्यासाठी पिल्ले काढणारे केंद्र चालू केले. आपण अंडी विकतो, कोंबड्या विकतो. परंतु नुसती एका दिवसाची पिल्लेच विकायची, ही कल्पना त्या काळी नवी होती.

एवढ्याने अडचण सुटत नव्हती. पिल्ले काढणारा एका ठिकाणी आणि ती हवी असणारा शेतकरी शेकडो मैलांवर. उबवण्याजोगी अंडी पाठवावीत, तर धक्क्यांनी ती निकामी होत. मोठ्या कोंबड्या पाठवाव्यात, तर भाडे परवडत नसे आणि वाटेत दाणापाणी कोण करणार? या कोड्याचे उत्तर न्यू जर्सी राज्यातील स्टॉकटन गावच्या जोसेफ विल्सन या माणसाला सापडले. नव्याने जन्मलेले पिल्लू काही खाल्ल्यावाचून दोन-तीन दिवस तग धरते, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होते. परंतु त्याचा अर्थ ‘तेवढ्या वेळात ते कोठेही पोहोचू शकते’ असा होतो, हे विल्सनने ओळखले. १८९२ साली त्याने पन्नास पिल्ले खोक्यात घालून रेल्वेच्या पार्सल कंपनीमार्फत शिकागोला रवाना केली. अंतर हजार किलोमीटरांहून अधिक. पिल्ले पोहोचली आणि एका नव्या धंद्याचा जन्म झाला.

टपालखाते मात्र अजून दूर होते. अमेरिकेत खेड्यापाड्यांत शेतकऱ्याच्या दारापर्यंत पत्र नेऊन देण्याची सोय १८९६ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मोठी पार्सले टपालाने पाठवण्याची व्यवस्था त्यानंतर बरीच वर्षे नव्हती. ते काम खासगी कंपन्यांकडे होते आणि त्या कंपन्या आडगावांत पोहोचत नसत. १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी पार्सल सेवा सुरू झाली आणि लोकांना जणू एक नवे खेळणे मिळाले. काय काय टपालाने जाऊ शकते, याची परीक्षा घेण्याची चढाओढच लागली. १९१४च्या फेब्रुवारीत आयडाहो राज्यातील एका आईबापांनी आपल्या सहा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीच्या अंगरख्याला त्रेपन्न सेंटांची तिकिटे लावून तिला चक्क टपालाच्या डब्यातून आजीकडे पाठवले! टपालाच्या डब्यात कामाला असलेला एक नातेवाईक तिच्या सोबतीला होता, हे खरे. तरीही टपालखात्याला मुले पाठवण्यास बंदी घालावी लागली.

माणसांच्या पिल्लांना बंदी झाली. कोंबडीच्या पिल्लांना परवानगी मिळाली. पिल्ले काढणाऱ्यांनी सरकारदरबारी बरेच खेटे घातले आणि १९१८ साली, आल्बर्ट बर्लसन हे टपालखात्याचे प्रमुख असताना, एक दिवसाची पिल्ले टपालाने पाठवण्याची मुभा देण्यात आली. तिच्यातली मुख्य अट म्हणजे मुदतीची. आजच्या नियमाप्रमाणे पिल्लू जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टपालात पडले पाहिजे आणि बहात्तर तासांच्या आत मालकाच्या हाती पोहोचले पाहिजे. निसर्गाने भावंडांसाठी दिलेली मुदत सरकारी नियमात जशीच्या तशी उतरली!

या व्यवसायाची रीत समजून घेण्याजोगी आहे. हिवाळ्याच्या दिवसांत, शेतीची कामे थंडावलेली असताना, हॅचरीचे सचित्र सूचिपत्र घरी येई. त्यात पांढऱ्या लेगहॉर्न असत, प्लायमाउथ रॉक असत, तांबड्या ऱ्होड आयलंड रेड असत. अंड्यांसाठी कोणती, मांसासाठी कोणती, थंडीत कोणती टिकते, याची वर्णने असत. शेतकऱ्याची बायको चुलीजवळ बसून ते पत्रक पुनःपुन्हा चाळी आणि हिशेब मांडी. आयोवा राज्यातील वेबस्टर सिटी या गावी मरे मॅकमरे नावाच्या बँकेतल्या माणसाने १९१७ साली पिल्लांचा व्यवसाय सुरू केला. आपल्या बँकेच्या गिऱ्हाइकांनाच तो आधी पिल्ले विकी. त्याच्या नावाने चालणारी हॅचरी पुढे शंभर वर्षे ओलांडून गेली.

पिल्लांसाठी पुठ्ठ्याची खास पेटी तयार झाली. तिला चारी बाजूंनी गोल भोके, आत पुठ्ठ्याच्याच आडव्याउभ्या पट्ट्या घालून केलेले चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पंचवीस पिल्ले, अशी शंभरांची पेटी. हे कप्पे हिशेबाच्या सोयीसाठी नव्हते. सगळी पिल्ले एकाच कोपऱ्यात गोळा झाली, तर खालची गुदमरून मरतात. अगदी थोडी असली, तर थंडीने गारठतात. पंचवीस पिल्ले एकमेकांना बिलगली की, त्यांच्या अंगाचीच ऊब त्यांना पुरते. म्हणूनच कमीत कमी पंचवीस पिल्ले मागवलीच पाहिजेत, असा बहुतेक हॅचऱ्यांचा रिवाज पडला.

वसंत ऋतूत त्या देशातल्या खेड्यांतील टपालकचेऱ्या चिवचिवाटाने भरून जात. पहाटेची गाडी आली की, पत्रांच्या थैल्यांआधी या पेट्या उतरवल्या जात. दूरध्वनी आल्यावर तर पोस्टमास्तर भल्या पहाटे घरी कळवी की, तुमची पिल्ले आली आहेत, लवकर या. पेटी उघडायची, एकेक पिल्लू हातात घ्यायचे, त्याची चोच पाण्यात बुडवून त्याला पहिला घोट शिकवायचा आणि मग त्याला ऊबेखाली सोडायचे. पहिल्या आठवड्यात सुमारे पस्तीस अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी उतरवीत न्यायची. आई जे न शिकता करते, ते करण्यासाठी माणसाला दिवा, उष्णतामापक आणि रात्रीचे जागरण, एवढे सारे लागले.

या पिल्लांमागे घरच्या स्त्रीचा हात होता, हे विसरून चालणार नाही. गहू, मका, गुरे यांचा पैसा पुरुषाच्या हाती जाई. अंड्यांचा पैसा मात्र बाईचा, असा अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांत अलिखित नियम होता. त्यातून मुलांचे जोडे येत, शाळेची पाटी-पुस्तके येत, किराणा येई. १९२९ नंतरच्या मंदीत धान्याचे भाव कोसळले, तेव्हा कित्येक घरांची चूल या अंड्यांनी पेटती ठेवली. आपल्याकडे भाजीची टोपली आणि अंड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणाऱ्या माउल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

अशाच एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध आहे. डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू या गावी सेसिल स्टील नावाची बाई राहत असे. तिचा नवरा तटरक्षक दलात नोकरीला होता. घरापुरती अंडी मिळावीत म्हणून १९२३ साली तिने जवळच्या हॅचरीकडे पन्नास पिल्ले मागवली. हॅचरीच्या चुकीने आली पाचशे! दुसरी कोणी असती, तर तिने ती परत पाठवली असती. सेसिलबाईंनी ती ठेवून घेतली, त्यांच्यासाठी सोळा फूट लांब-रुंद खोपटे उभारले आणि सुमारे चार महिन्यांनी त्यांतली वाचलेली ३८७ कोंबडी रत्तलाला बासष्ट सेंट भावाने मांसासाठी विकली. पुढच्या वर्षी तिने मुद्दामच एक हजार मागवली. १९२६ साली दहा हजारांची सोय केली. तोवर कोंबडीचे मांस हा अंड्यांच्या धंद्यातला जोडमाल होता. केवळ मांसासाठी कोंबड्या वाढवण्याचा प्रचंड उद्योग पुढे ज्या प्रदेशात फोफावला, त्याचा आरंभ या चुकलेल्या आकड्यात शोधला जातो. तिचे ते खोपटे १९७४ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेले.

परंतु जेथे लक्षावधी जीव एका छताखाली जन्मतात, तेथे दोषही लक्षपटीने वाढतात. पिल्लांची पांढरी हगवण हा असाच एक रोग. रोगी कोंबडीच्या अंड्यातूनच तो पिल्लात उतरतो. घरच्या टोपलीत तो दहा पिल्ले मारून थांबला असता. हॅचरीच्या यंत्रात तो हजारोंना लागे आणि टपालाच्या पेटीतून गावोगाव पोहोचे. शेवटी १९३५ साली सरकार आणि व्यावसायिक यांनी मिळून एक राष्ट्रीय योजना आखली. तिच्याअन्वये कोंबड्यांच्या रक्ताची तपासणी करून रोगी कळप वेगळे काढण्यात येऊ लागले. त्यामुळे ग्राहकाला खात्री मिळाली आणि तो रोग व्यापारी कळपांतून जवळजवळ हटला. सचोटीने केलेली तपासणी धंद्याच्या आड येत नाही, उलट त्याला तारते, याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

दुसरा दोष मात्र तपासणीने जाणारा नव्हता. अंडी देणाऱ्या जातीत कोंबड्याचा उपयोग काय? आणि पिल्लांत निम्मे तर नरच असतात. पूर्वी नर कोणता, मादी कोणती, हे कळायला काही आठवडे लागत. तोवर दोघांनाही दाणा मिळे. जपानमधील मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग ओळखण्याची युक्ती शोधली आणि १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती मांडली. नंतरच्या दशकात जपानी तज्ज्ञ अमेरिकेत आले. त्यांच्या तरबेज बोटांखालून तासाला शेकडो पिल्ले जाऊ लागली. शेतकऱ्याला हव्या तेवढ्या तलंगाच मागवता येऊ लागल्या. परंतु उरलेल्या नरांचे काय? काही स्वस्तात विकले गेले. काही तर माद्यांच्या पेटीत ऊब राहावी म्हणून, मागितलेले नसतानाही, भर म्हणून घातले गेले. आणि फार मोठी संख्या जन्मदिवशीच मारली गेली. ही प्रथा साऱ्या जगात पसरली. जर्मनीने २०२२च्या आरंभापासून कायद्याने ती बंद केली आणि अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रे पुढे येत आहेत. म्हणजे हा प्रश्न माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला टोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आता मुदतीच्या प्रश्नाकडे येऊ. तीन दिवसांची शिदोरी पुरते, ती प्रत्येक हात वेळेवर चालला तर. आगगाडीचे टपालडबे बंद झाले आणि पिल्ले विमानाने जाऊ लागली. २००१ साली एका मोठ्या विमान कंपनीने ती नेण्याचे नाकारले, तेव्हा अमेरिकी संसदेला कायदा करून मार्ग मोकळा करावा लागला. २०२०च्या महामारीत घरोघरी पिल्लांची मागणी एकदम वाढली आणि त्याच वेळी टपालाची गती मंदावली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेन राज्यातील शेतकऱ्यांकडे पोहोचलेल्या पेट्यांतील सुमारे ४,८०० पिल्ले मेलेली निघाली. पेटी उघडण्यापूर्वीच त्यांना कळले होते. कारण आतून आवाज येत नव्हता.

२०२५च्या वसंतात याहून मोठी दुर्घटना घडली, आणि ती डेलावेअरमध्येच, सेसिल स्टीलच्या राज्यात. टपालाच्या एका मालमोटारीत सुमारे बारा हजार पिल्ले दाणापाण्यावाचून तीन दिवस तशीच उभी राहिली. मोटार उघडली गेली तेव्हा सुमारे चार हजार पिल्ले मेली होती. उरलेली आठ हजार एका प्राणिनिवाऱ्याकडे सोपवण्यात आली आणि तेथील मोजक्या माणसांनी ती जगवण्यासाठी दिवसरात्र एक केला. १९२३ साली त्याच राज्यात चुकून जास्त आलेली पिल्ले एका बाईने आपली मानली. १०२ वर्षांनी तेथेच बारा हजार पिल्ले तीन दिवस कोणाचीच नव्हती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या, म्हणजे सबंध इतिहासाचा अर्थ लागतो असे आम्हांस वाटते. या व्यवहारात फसवणूक नव्हती. गरिबाच्या दारात स्वस्त आणि चांगल्या जातीची पिल्ले पोहोचवून त्याने असंख्य घरे सावरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तो इतकी वर्षे टिकला तो नियमापेक्षा माणसांवर. हॅचरीतला कामगार, डब्यातला टपाल कारकून, पहाटे निरोप धाडणारा पोस्टमास्तर, यांपैकी प्रत्येकाला पेटीतली चिवचिव ऐकू येत होती. आपल्या हातून उशीर झाला तर काय होईल, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. साखळी लांबली, हात वाढले, पेट्यांचे ढीग झाले आणि चिवचिव ऐकणारा कान हरवला. तेव्हा तोच नियम, तेच बहात्तर तास कागदावर असूनही पिल्ले मेली.

आपल्याकडे पिल्ले मागवण्याची रीत थोडी निराळी आहे. खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून एकदिवसीय पिल्ले दिली जातात. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी उभारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजमुळे पुण्याचे नाव या क्षेत्रात देशभर झाले. भोके पाडलेली तीच पुठ्ठ्याची पेटी आपल्या टेम्पोतूनही धावते, आणि अमेरिकेच्या सूचिपत्रांतली तांबडी ऱ्होड आयलंड रेड आपल्या खुराड्यांतही रुळली आहे. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा कोंबड्यांची केवढी कत्तल करावी लागली, तेही आपण पाहिले आहे. तेव्हा दूर देशाची गोष्ट म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही.

वाचकहो, पेटी मागवू नका, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. ज्याच्या घरी चार पोटे आहेत, त्याला तो उपदेश शोभून दिसणार नाही. परंतु पेटी हाती आली की, ती आधी कानाशी धरावी. टोपलीतले शेवटचे पिल्लू बाहेर येईपर्यंत जी जागची उठत नाही, त्या कोंबडीचे उसने काम आपण पत्करलेले असते. तिने पंख काढून घेतलेले नाहीत. ते आपण बाजूला सारले आहेत. शिदोरी तीन दिवसांचीच आहे, आणि चौथा दिवस उजाडण्याआधी पिल्लांना दाणापाणी मिळेल, हे पाहणे आता आपल्याच माथी आहे.